मूल कोणाचे? ख्रिस्ती पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षे मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळेचा (रविवारी मुलांना बायबल शिकवतात ती) लहान वर्ग घेते. पाच ते आठ वर्षांची मुले. त्यांचे प्रश्न सोपे असतात (नोहाने तारवात डास कशाला घेतले?), त्यांच्या आईबापांचे अवघड. ते उपासना सुटल्यावर, ढिगातून आपल्या चपला शोधता शोधता विचारले जातात आणि नीट उत्तर द्यायला तिथे सवड नसते. म्हणून इथे लिहून काढले. मी नगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. कॅथलिक शिकवण जिथे वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे. धर्मपंडित नाही, शिकवता शिकवता वाचत गेले एवढेच.

मूल म्हणजे देवाची देणगी, एवढेच ना? त्यात वेगळे ते काय?

म्हणायला एवढेच. बायबलातल्या स्तोत्र १२७ मध्ये संततीला परमेश्वराने दिलेले धन म्हटले आहे आणि बाप्तिस्म्याच्या कार्डावर ते वचन हमखास छापतात. पण ‘धन’ म्हटले की मराठी माणसाला दुसरीच म्हण आठवते : मुलगी म्हणजे परक्याचे धन. आता गंमत बघा. स्तोत्रातला मूळ हिब्रू शब्द ‘नहला’, म्हणजे वाट्याला आलेले वतन. इस्राएलात हाच शब्द जमिनीच्या वाट्याला वापरत. आणि त्या जमिनीबद्दल लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात देव बजावून सांगतो की ती कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता. कसा, राखा, तिच्यावर जगा. सातबारा मात्र देवाच्या नावावर.

मुलाचेही तसेच. मुलगी परक्याचे धन असेल तर मुलगाही तेवढाच परक्याचा, आणि तो परका म्हणजे सासर नव्हे. खाली जी उत्तरे आहेत ती बहुतेक सगळी या एका गोष्टीतून निघतात. तुमच्याकडे ठेव ठेवलेली आहे. ती वाढवायची, जपायची, आणि ज्याची आहे त्याला एक दिवस हिशेब द्यायचा.

दुसरे असे की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा म्हटला आहे. दहावी झाल्यावर, कमवायला लागल्यावर, अशी अट तिथे कुठे नाही. टाळू भरली नाही तेव्हापासूनच मूल पूर्ण माणूस आहे. कॅथलिक ईशज्ञानी कार्ल रानर यांनी हे फार नेमके मांडले : बालपण ही मोठे होण्याची नुसती पूर्वतयारी नसते, त्याला देवापुढे स्वतःची किंमत असते. म्हणून ‘मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न मी वर्गात विचारायचा सोडून दिला आहे. आत्ता ती कोण आहेत तेच अजून पुरते कळलेले नाही.

येशूने मुलांना जवळ घेतले हे चित्र घरोघरी असते. त्यापलीकडे तो काय म्हणाला?

त्या चित्राने घोटाळा केला आहे. हिरवळ, मेंढरू, गोबऱ्या गालांची मुले, आणि येशू मंद हसतोय. मार्कचा दहावा अध्याय उघडून वाचा. लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि येशूला राग येतो. मूळ ग्रीक क्रियापद चांगलेच कडक आहे. हाच प्रसंग लूक सांगतो तेव्हा तो ‘तान्ही बाळे’ असा शब्द वापरतो. म्हणजे जी अजून ‘हालेलूया’सुद्धा म्हणू शकत नाहीत ती. देवाचे राज्य अशांचे आहे, असे येशू म्हणतो.

का? आपण सहज म्हणतो, मुले निरागस असतात म्हणून. मला ते पटत नाही. मी बावीस वर्षे त्यांना खडूंवरून भांडताना पाहिले आहे. त्या काळात मुलाची पत काय होती ते बघा. इसवी सन पूर्व १ मधले, मिसरातल्या ऑक्सिऱ्हिंकस इथे सापडलेले एक पत्र आहे. हिलारियन नावाचा मजूर अलेक्झांड्रियाहून गरोदर बायकोला लिहितो. तुझी आठवण येते, काळजी करू नको, पैसे मिळाले की पाठवतो, आणि मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. याच पत्रात प्रेमाच्याही ओळी आहेत! टाकणे म्हणजे उकिरड्यावर ठेवणे. कुणी उचलले तर बहुधा गुलाम म्हणून वाढवायला. रोमी कायद्यात बापाचा मुलांवर जन्ममरणाचा हक्क होता. अशा जगात मुलापाशी हक्क सांगण्यासारखे काहीच नव्हते, आणि रिकाम्या हाताने येणारा तो राज्यात येतो, असा त्या बोलण्याचा रोख आहे.

ख्रिस्ती लोक मुले टाकत नाहीत, ही गोष्ट त्या काळच्या जगाला वेगळी वाटली. ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या शिकवणीच्या पुस्तकात बालहत्या आणि गर्भपात दोन्ही स्पष्टपणे वर्ज्य आहेत. आपल्याकडे सोनोग्राफीच्या खोलीत जे चालत आले आहे ते पाहता हिलारियनला दोन हजार वर्षे झाली असे वाटत नाही. आणि मुलगी झाली म्हणून पेढ्यांऐवजी बर्फी वाटणारी घरे आमच्याही मंडळीत आहेत, उगीच दुसऱ्यांकडे बोट नको.

मग मूल जन्मतः पापी की निष्पाप?

यावर ख्रिस्ती लोक पंधराशे वर्षे वाद घालत आहेत. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन (३५४–४३०) आपल्या आत्मकथनात एका तान्ह्या बाळाचे वर्णन करतो. त्याला अजून बोलता येत नाही, पण दुसरे बाळ अंगावर पिताना पाहून ते मत्सराने पांढरे पडते. बाळ निरुपद्रवी आहे ते त्याच्या हातापायांत जोर नाही म्हणून, मन शुद्ध आहे म्हणून नव्हे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या विरुद्ध पेलागियस होता, मूल निष्पापच जन्मते म्हणणारा. त्याचे मत ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने फेटाळले. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मात्र ऑगस्टीनचा ‘वारशाने आलेला दोष’ जसाच्या तसा कधी घेतला नाही. त्यांच्या मते मृत्यू आणि दुबळेपणा वारशाने येतो, अपराध नाही.

पालकांना याचे काय? बरेच काही. मूल मुळातच वाकडे आहे असे धरले की त्याचा हट्ट मोडणे हेच आईबापाचे पहिले काम होऊन बसते. मेथॉडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना हिने १७३२ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात अगदी हेच सांगितले आहे : आधी मुलाची इच्छा मोडा. तिने एकोणीस मुलांना जन्म दिला होता, तेव्हा तिला शिकवणारी मी कोण. पण मला ते पत्र वाचवत नाही. उलट मूल म्हणजे निव्वळ देवाघरचे फूल असे धरले की ते पहिल्यांदा धडधडीत खोटे बोलते त्या दिवशी आई कोलमडते. तिला वाटते आपल्याच घरात असे कसे झाले.

माझे मत असे, की पापाची शिकवण पालकांसाठी आधी आहे. दोन वर्षांचे मूल दमले, भुकेले, चिडले आणि त्याने चापट मारली. त्यात पाप किती आणि झोप किती हे देव जाणे. पण त्या चापटीला मी जे उत्तर देते त्यात माझा अहंकार किती हे मला नक्की ठाऊक असते. खोलीत पापी एकच नाही, दोघे आहेत, आणि त्यातला मोठा माणूस मी आहे.

बाप्तिस्मा व्हायच्या आधीच आमचे बाळ गेले. ते कुठे आहे?

देवापाशी. कुणी ‘जरा घाई करायला हवी होती’ म्हणाले असेल तर ते मनातून काढून टाका. अशा बाळांसाठी ‘लिंबो’ नावाची वेगळी जागा असते ही कल्पना कॅथलिक परंपरेत शतकानुशतके होती, पण ती कधी श्रद्धासिद्धांत नव्हती; २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत असे सविस्तर लिहिले. दावीद राजाचे बाळ सातव्या दिवशी गेले तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. यापुढे मला बोलता येत नाही. बाळाचे नाव ठेवले असेल तर ते घरात घेत जा.

बाळाचा बाप्तिस्मा करावा की नुसते अर्पण?

तुम्ही ज्या मंडळीचे आहात तिथल्या रीतीप्रमाणे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन, मेथॉडिस्ट हे बाळांना बाप्तिस्मा देतात (वसईकडे त्याला स्नानसंस्कार म्हणतात). बॅप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकॉस्टल बाळाचे अर्पण करतात, म्हणजे देवापुढे आणून त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि बाप्तिस्मा समजत्या वयात देतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे आपली सीएनआय, स्थापन झाली. तिच्यात दोन्ही प्रकारचे लोक एकत्र आल्यामुळे दोन्ही रीती मान्य आहेत. यावरून सासर-माहेरचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. एक पक्ष म्हणतो, देवाने मुलाला आधी निवडले. दुसरा म्हणतो, मुलाने देवाला स्वतः होकार द्यायला हवा. दोघांचेही खरे आहे आणि दोघांच्याही कार्यक्रमात बाळ रडतेच.

‘जो आपली छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी’ असे नीतिसूत्रे १३:२४ मध्ये आहे. मग मारायचे की नाही?

नाही. आता कारणे सांगते. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हो’ ऐकायचे असते.

आमच्या अंगणाला शेवरीचे कुंपण होते. चूक झाली की वडील मला फोक तोडून आणायला पाठवायचे. पानेही मीच खुडायची. दोन फटके, क्वचित तीन. जास्त कधी नाही. मग ते गुडघे टेकून माझ्यासाठी प्रार्थना करायचे, खरोखर मनापासून. मी डोळे मिटून शेजारी बसलेली असायची आणि कानात फोकेचा आवाज. ते दुष्ट नव्हते. त्यांनी हे वचन वाचले होते. अजून मला कुणी गुडघे टेकायला सांगितले की पोटऱ्या आखडतात.

आता वचनाकडे. नीतिसूत्रे हे व्यवहारज्ञानाचे पुस्तक आहे, नियमशास्त्र नव्हे. त्यात परस्परविरुद्ध सूत्रे शेजारी शेजारी आहेत (२६:४ आणि २६:५ वाचून पाहा : मूर्खाला उत्तर देऊ नको, मूर्खाला उत्तर दे). ‘छडी’ला मूळ शब्द ‘शेबेत’. हाच शब्द स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या हातात आहे. आपण म्हणतो, ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’. धनगर मेंढरांमागे चालताना पाहिला असेल तर काठी कशाला असते ते सांगायला नको. वळवायला, कुत्रे-लांडगे हाकलायला. पण मी प्रामाणिकपणे सांगते, नीतिसूत्रांत ‘शेबेत’ मारण्यासाठीच आहे. २३:१३ मध्ये ते अगदी उघड आहे. त्या काळी सगळे जग मुलांना, गुलामांना, विद्यार्थ्यांना मारत होते. ते वचन खोडून टाका असे मी म्हणत नाही. त्याच बायबलचा पुढचा भाग वाचा म्हणते.

पुढचा भाग म्हणजे प्रेषित पौलाची मंडळ्यांना लिहिलेली पत्रे. कलस्सैकरांस ३:२१ : बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, ती खिन्न होतील. आपल्या मराठी बायबलातला हा ‘चिरडीस’ शब्द मला फार आवडतो. मोठ्या माणसाला राग येतो, संताप येतो. चिरडीला येते ते मूल. म्हणजे राग आहे पण करता काहीच येत नाही असा राग. पौल ज्या बापांना हे सांगतो त्यांना रोमी कायद्याने जवळजवळ काहीही करायची मुभा होती. त्यांना कुणीतरी, आणि तेही सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात, ‘मुलाचे मन मोडू नका’ असे सांगणे ही साधी गोष्ट नव्हती. त्याआधीच्या ओळीत तो थेट मुलांशी बोलतो. म्हणजे मुले तिथे बसून ऐकत होती, हे त्याने धरले आहे.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातला बंडखोर मुलगा आणि धोंडमार, हेही काही जण पुढे करतात. तो उतारा भयंकर आहे खरा, पण त्यात बापाला एकट्याला काही करता येत नाही. आई हवी, वेशीतले वडील हवेत, सुनावणी हवी. घराच्या आत, रागाच्या भरात, हात उगारून होणारे काहीच त्यात बसत नाही.

चौथ्या शतकातला धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम मुलांच्या संगोपनावर लिहिताना म्हणतो की माराची भीती असू द्या पण मार देऊ नका. रोज मार खाणारे मूल माराला किंमत देत नाही. भीती दाखवण्यापुरता तो छडी हातात ठेवतोच, तेव्हा तो पूर्णपणे माझ्या बाजूचा नाही. तरी सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला एवढे कळत होते. कॉन्व्हेंटात शिकलेले काही जण ‘स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड’ हे बायबलचे वचन म्हणून ऐकवतात. ती ओळ जशीच्या तशी १७ व्या शतकातल्या एका इंग्रजी विडंबनकाव्यातली आहे. आणि शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. ख्रिस्ती शाळाही त्यात आल्या.

शिस्त नको असे मी म्हटलेले नाही. इफिसकरांस ६:४ मध्ये ‘प्रभूच्या शिस्तीत’ वाढवायला सांगितले आहे आणि प्रभूने बारा जणांना शिस्त लावली ती तीन वर्षे बरोबर जेवून. घरात साधे चालते ते असे : भिंतीवर लिहिले, ओला फडका घेऊन दोघांनी मिळून पुसायचे. खोटे बोलले, तर ज्याच्याशी बोलले त्याच्याकडे जाऊन सांगायचे, आणि आई सोबत जाईल. वेळ लागतो. फोक दोन मिनिटांत काम संपवते, हेच तिचे आकर्षण.

हात उचलला गेला. आता?

मुलाची माफी मागा. ‘पण तू पण ना’ असे शेपूट न जोडता.

‘आईबापाचा मान राख’ ही आज्ञा आहे. मुलाने सगळे ऐकायलाच हवे ना?

ती आज्ञा मुळात प्रौढांना दिलेली आहे. सीनाय डोंगरापाशी उभ्या असलेल्या मोठ्या माणसांना सांगितले की म्हाताऱ्या आईबापाला टाकू नका. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ती त्याच अर्थाने वापरतो : देवाला ‘कुर्बान’ केले म्हणून आईबापाला पैसे न देणाऱ्यांवर तो तुटून पडतो. लहान मुलांना आज्ञापालन सांगितले आहे ते ‘प्रभूमध्ये’ एवढ्या मर्यादेत. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला, आईने तीन दिवस शोधले, त्याने उत्तर दिले की मी माझ्या पित्याच्या घरात असायला हवे, आणि मग त्यांच्याबरोबर नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. दोन्ही गोष्टी त्याच गोष्टीत आहेत. मरियेला ते कळले नाही असे लूक स्पष्ट लिहितो. मला त्या वाक्याचा फार आधार वाटतो.

म्हणून मुलाला ‘नाही’ म्हणता यायला हवे. काकांना पापी द्यायची नाही, तर नको. ‘सलाम’ किंवा ‘जय ख्रिस्त’ म्हटले की मान राखला गेला.

मंडळीतल्याच एका माणसाने मुलाला त्रास दिला. सगळे म्हणतात क्षमा करा, मंडळीची बदनामी नको.

ताबडतोब कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे. माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्ड हेल्पलाइन) क्रमांक चोवीस तास चालतो. मंडळीची समिती नेमून चौकशी करत बसायची ही बाब नाही. लहानांपैकी एकाला जो अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेले बरे, असे येशू मत्तयच्या १८ व्या अध्यायात म्हणतो. तिथल्या जात्याला ग्रीकमध्ये ‘गाढवाचे जाते’ म्हटले आहे. आपल्या घरातले हाताचे नव्हे, गाढवाने फिरवायचे. बदनामीची काळजी त्याने केलेली दिसत नाही. क्षमा हा मुलाचा हक्क आहे, ते मोठे झाल्यावर, त्याला हवी तेव्हा, हवी तर. तुम्ही त्याच्या वतीने देऊन टाकू नका.

मुलगा झाला तर देवाच्या सेवेला देईन असे मी कबूल केले होते. त्याला तर इंजिनियर व्हायचे आहे.

हन्नेने शमुवेलाला अर्पण केले, म्हणून आमच्याकडे बऱ्याच आया असे बोलून बसतात. पण १ शमुवेल या पुस्तकातली हन्नेची गोष्ट तिसऱ्या अध्यायापर्यंत वाचा. आईने नवस केला, मंदिरात आणून सोडले, तरी देव शमुवेलाला स्वतः, नाव घेऊन, रात्री हाक मारतो. आईचा नवस मुलाच्या होकाराच्या जागी चालत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात (क्र. २२३०) तर व्यवसाय आणि जोडीदार निवडताना आईबापांनी मुलांवर दबाव आणू नये, सल्ला जरूर द्यावा, असे लिहिलेच आहे. पाळकसाहेब व्हायला निघालेल्या मुलालाही हेच लागू. आणि पूल नीट बांधणे ही देवाची सेवा नाही असे कुणी सांगितले?

नवरा ख्रिस्ती नाही. मुलांना काय शिकवू?

पौलाचा सोबती तीमथ्य याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता. त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांनी जे होते ते दिले, आणि पौल त्या दोघींची नावे घेऊन आठवण काढतो. बापाबद्दल एकही वाईट शब्द नाही. तुमचे तुम्ही मनमोकळेपणाने शिकवा, त्याचे तो शिकवेल. एवढेच पाळा : ‘तुझे बाबा नरकात जातील’ असे तुमच्या मुलाला कुणीही, अगदी शब्बाथशाळेच्या बाईनेसुद्धा, सांगता कामा नये.

रविवारी शब्बाथशाळेला पाठवतो की. घरी आणखी काय करायचे?

एक तास माझ्याकडे, उरलेले एकशे सदुसष्ट तुमच्याकडे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे, आणि त्याची ठिकाणे दिली आहेत : घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. एस. टी.त, भाजी निवडताना, अंथरुणे घालताना, असे समजा. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लुथरने १५२९ साली ‘लहान प्रश्नोत्तरावली’ लिहिली ती घरच्या कर्त्यांनी आपल्या माणसांना शिकवावी म्हणून. त्याच लुथरने त्याआधी १५२२ मध्ये लिहिले आहे की बाप बाळाचे लंगोट धुतो तेव्हा लोक हसतात, पण देव आपल्या सगळ्या देवदूतांसह आनंदाने हसतो. बापांनी हा उतारा जरूर वाचावा.

कौटुंबिक प्रार्थना लांबवू नका. मुलाच्या पोटात कावळे ओरडत असताना आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांसाठी प्रार्थना नको. एक भजन, चार ओळी वचन, प्रत्येकाने एक वाक्य. आपल्याकडे ना. वा. टिळकांसारखा, ज्याला लोक फुलामुलांचा कवीच म्हणतात, असा माणूस होऊन गेला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंगाच्या चालीत ख्रिस्ताची भजने लिहिली, ती मुलांच्या तोंडी झटकन बसतात. इंग्रजी कोरसच हवा असा हट्ट कशाला? गोव्यात रात्रीची रोझरी झाली की मुले मोठ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. प्रोटेस्टंटांनीही ते उचलायला हरकत नाही.

आमचे मूल मतिमंद आहे. नातेवाईक म्हणतात, काहीतरी पाप घडले असेल.

हाच प्रश्न शिष्यांनी जन्मांधाला पाहून विचारला होता : कुणाचे पाप, याचे की आईबापाचे? योहान ९:३. दोघांचेही नाही. नातेवाइकांना एवढे एक वचन दाखवा आणि चहा देऊन वाटेला लावा. त्या मुलाला माझ्या वर्गात आणा.

मूल होत नाही. दत्तक घेतले तर ते ‘आपले’ होईल का?

पौल रोमकरांस ८:१५ मध्ये सगळ्याच विश्वासणाऱ्यांना दत्तक म्हणतो. ‘दत्तकपणाचा आत्मा’ मिळाला म्हणून आपण ‘अब्बा, बापा’ म्हणतो. ख्रिस्ती माणूस देवाच्या घरात दत्तकच आहे. योसेफाने येशूला आपले म्हटले ते काही रक्ताने नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. त्या सगळ्या एकाच अंगणात वाढल्या.

कायद्याचे म्हणाल तर पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचे, मूल कायद्याने ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ होत नसे. आता बाल न्याय कायद्याखाली, आत्ताचा २०१५ चा, कोणत्याही धर्माच्या माणसाला पूर्ण दत्तक घेता येते; नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक संस्थेच्या संकेतस्थळावर. ओळखीतल्या दवाखान्यातून परस्पर मूल आणू नका, ते बेकायदा आहे. आणि मूल झाले नाही, दत्तकही घ्यायचे नाही, तरी चालते. येशूला मूल नव्हते.

मुलगा वीस वर्षांचा झाला, मंडळीत येतच नाही. आमचे कुठे चुकले?

‘मुलाला योग्य शिक्षण दे, म्हातारपणीही ते सोडणार नाही’ हे वचन (नीतिसूत्रे २२:६) अशा वेळी सुरीसारखे लागते. एक तर मराठी बायबल तिथे ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप’ म्हणते, म्हणजे त्याचा स्वभाव बघून. आणि ते सूत्र आहे, वॉरंटी कार्ड नव्हे. यशयाचे पुस्तक उघडताच देव स्वतः म्हणतो की मी मुले वाढवली आणि ती माझ्याशी फितूर झाली. त्याचे संगोपन चुकले असे आपण म्हणत नाही. यहेज्केल १८ मध्ये तर साफ आहे : मुलाचा हिशेब बापाच्या खात्यावर नाही, बापाचा मुलाच्या नाही.

येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राच्या बापाने मागे माणसे पाठवली नाहीत, वाटा दिला आणि जाऊ दिले. पण मुलगा दूर असतानाच त्याला दिसला, म्हणजे तो रस्त्याकडे बघत असावा. रविवारी मटणाचा वाटा राखून ठेवा. उपासनेबद्दल जेवताना विचारू नका.

तीन वर्षांचे मूल उपासनेत स्वस्थ बसत नाही. घरी ठेवू का?

आणा. मागच्या ख्रिस्तजयंतीला अर्पणाची थैली फिरत असताना एका मुलीने ती पंचांच्या हातातून ओढली आणि चालत्या उपासनेत सगळी नाणी फरशीवर सांडली. आई लाजेने लाल. दोन म्हाताऱ्यांनी ‘श्श’ केले. पाळकसाहेब प्रार्थना थांबवून वेदीवरून खाली आले आणि बाकाखाली वाकले. मग पुढची ओळ वाकली, मग आणखी कुणी. निम्मी मंडळी गुडघ्यांवर, आणि ती मुलगी मधल्या वाटेत उभी राहून कुठे कुठे नाणे राहिले ते बोटाने दाखवत होती.